नाकारलेली अकरा गाणी

कंट्री संगीत शुद्ध कधीच नव्हते. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या गोऱ्या शेतकऱ्यांचे गाणे अशी त्याची ओळख करून दिली जाते, पण ती अर्धीच खरी आहे. त्यातला बँजो हा आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या वाद्यांतून घडला. फिडल आणि लांबलचक कथागीते स्कॉटलंड-आयर्लंडकडून आलेल्या लोकांनी आपल्याबरोबर डोंगरदऱ्यांत नेली. जिमी रॉजर्स या गायकाने गळ्यातून एकदम वरच्या सुरात उडी मारणारा जो यॉडल लोकप्रिय केला, त्याचे मूळ आल्प्समधल्या गुराख्यांच्या हाकांमध्ये आहे. आणि ज्या घसरत जाणाऱ्या, हुंदका दिल्यासारख्या स्वरामुळे आज कोणीही चटकन हे संगीत ओळखते, ती स्टील गिटार आली थेट हवाई बेटांवरून.

ही गिटार मांडीवर किंवा स्टँडवर आडवी ठेवतात आणि तारांवरून धातूची कांडी सरकवत वाजवतात. मराठी कानाला हा आवाज अनोळखी नाही. हिंदी चित्रपटगीतांची धून वाजवणारी हवाईयन गिटार आपल्याकडच्या कित्येक वाद्यवृंदांत असे. १९६७ सालच्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांचे संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या सोबतीला ब्रिजभूषण काबरांनी याच जातीच्या गिटारवर मींड काढली आहे. त्याच बेटांवरून निघालेले वाद्य एकीकडे कंट्री संगीताचे केंद्र असलेल्या नॅशव्हिलला पोहोचले आणि दुसरीकडे हिंदुस्थानी रागसंगीतात.

मग कंट्री 'शुद्ध' आणि 'गोरे' ठरले कसे? दुकानात. १९२० च्या दशकात अमेरिकन रेकॉर्ड कंपन्यांनी दोन वेगळ्या याद्या छापल्या. काळ्या गिऱ्हाइकांसाठी एक आणि गोऱ्या ग्रामीण गिऱ्हाइकांसाठी दुसरी. १९२७ च्या उन्हाळ्यात रॅल्फ पीअर हा अशाच एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस टेनेसी आणि व्हर्जिनिया या राज्यांच्या सीमेवरच्या ब्रिस्टॉल गावात यंत्र घेऊन उतरला आणि त्याने कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स यांना पहिल्यांदा मुद्रित केले. त्या मुक्कामाला कंट्री संगीताचा जन्म मानतात. पण गाणारे लोक याद्या बघून गात नव्हते. शेजारच्या वस्तीतले ब्लूज ते ऐकत होते आणि उचलतही होते. संगीताच्या प्रकारांमधल्या बऱ्याचशा भिंती विक्रीच्या सोयीसाठी उभ्या राहिल्या, हे एकदा लक्षात घेतले की पुढची गोष्ट नीट समजते.

या भिंती अधूनमधून कोणीतरी पाडत आले. १९६२ मध्ये रे चार्ल्स या कृष्णवर्णीय गायकाने कंट्री गाण्यांचा आख्खा अल्बम आपल्या सोल शैलीत केला आणि तो अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. १९६८ मध्ये बर्ड्‌स या रॉक बँडने ग्रॅम पार्सन्स या तरुण गायकाला बरोबर घेऊन कंट्रीचा अल्बम काढला. पार्सन्स कंट्री, सोल, रॉक आणि गॉस्पेल यांच्या मिश्रणाला 'कॉस्मिक अमेरिकन म्युझिक' म्हणत असे. तो १९७३ मध्ये अवघ्या सव्विसाव्या वर्षी गेला. पण त्याने पाडलेली वाट पुढे दोन दशकांनी इलिनॉय राज्यातल्या काही पोरांना सापडली.

बेलव्हिल हे गाव सेंट लुईस शहराच्या समोर, मिसिसिपी नदीच्या पलीकडच्या अंगाला आहे. कोळसा, ओतकाम आणि बिअर यांवर वाढलेले आणि नंतर ओसरत गेलेले कामगारांचे गाव. त्या पोरांपैकी जेफ ट्वीडी इथलाच. त्याचे वडील रेल्वेत नोकरीला होते. शाळेत त्याची जे फरार या मुलाशी मैत्री झाली. दोघांनाही पंक संगीताचे वेड होते. तीन स्वरमेळ, प्रचंड वेग आणि चढा आवाज. त्याच वेळी आईबापांच्या पिढीची कंट्री गाणीही त्यांच्या कानावर पडत होती आणि त्यांना त्या दोन्हींत एक साम्य दिसले. दोन्हींत गाणे थोड्या सुरांत बांधलेले असते, दोन्हींत भाषा रोजची असते, आणि कामावरून घरी आलेल्या माणसाचा वैताग दोन्हींत असतो. माइक हायडॉर्न या ड्रमरला घेऊन त्यांनी अंकल टुपेलो हा बँड काढला.

त्यांचा पहिला अल्बम १९९० मध्ये आला. त्याचे नाव 'नो डिप्रेशन'. ते कार्टर कुटुंबाने १९३० च्या दशकातल्या महामंदीत गायलेल्या एका भक्तिगीतावरून घेतले होते आणि ते गाणेही त्यांनी अल्बममध्ये म्हटले होते. त्याला लागूनच विजेच्या गिटारी कर्कश वाजत होत्या. या अल्बमची विक्री मोठी झाली नाही. पण १९९५ मध्ये सिएटलहून एक नियतकालिक सुरू झाले, त्याचे नाव संपादकांनी 'नो डिप्रेशन' हेच ठेवले आणि या नव्या प्रवाहाला हक्काचे घर मिळाले. ऑल्टरनेटिव्ह कंट्री, थोडक्यात ऑल्ट-कंट्री, हे नाव त्यानंतर रूढ झाले. नॅशव्हिल तेव्हा मोठमोठ्या मैदानांवर होणाऱ्या चकचकीत कार्यक्रमांच्या मागे होते. ज्यांना जुन्या कंट्रीचा खडबडीतपणा हवा होता आणि रॉकही सोडायचा नव्हता, त्यांची ही बाजू.

फरार आणि ट्वीडी यांचे पुढे पटेनासे झाले. १ मे १९९४ रोजी सेंट लुईसमध्ये अंकल टुपेलोचा शेवटचा कार्यक्रम झाला. फरारने सन व्होल्ट नावाचा नवा बँड उभा केला. उरलेल्या मंडळींना घेऊन ट्वीडीने विल्को काढला. बिनतारी संदेशवहनात 'सूचना मिळाली, तसे करतो' अशा अर्थाने हा शब्द वापरतात. पहिल्या फेरीत फरार सरस ठरला. १९९५ मध्ये दोघांचेही अल्बम आले, आणि सन व्होल्टच्या 'ट्रेस'पुढे विल्कोचा 'ए.एम.' फिका पडला. 'ए.एम.' वाईट नाही, पण त्यात ट्वीडी अंकल टुपेलोची उरलेली वही पुरी करतो आहे असे वाटत राहते.

माझ्या मते या पराभवाने त्याला मोकळे केले. पुढच्याच वर्षी विल्कोने 'बीइंग देअर' हा दुहेरी अल्बम काढला आणि तो एका अल्बमच्या किमतीत विकता यावा म्हणून स्वतःच्या मानधनाचा वाटा सोडला. त्यात कंट्री होते, पण गोंगाटही होता आणि बीटल्ससारखे गोड पॉपही. १९९८ मध्ये इंग्लंडच्या बिली ब्रॅगबरोबर त्यांनी वुडी गथ्री या लोकगायकाच्या मागे राहिलेल्या, चाली नसलेल्या कवितांना चाली लावल्या. वुडीची मुलगी नोरा हिने त्यासाठी वह्या खुल्या केल्या होत्या. १९९९ च्या 'समरटीथ'मध्ये कीबोर्डच्या थरांवर थर चढले आणि स्टील गिटार जवळपास दिसेनाशी झाली. त्या चकाकीखाली ट्वीडीचे शब्द काळोखे होते. या बदलामागे जे बेनेट हा माणूस होता. तो कोणतेही वाद्य उचलून वाजवी, यंत्रे खोलून दुरुस्त करी आणि गाण्यात अजून काय भरता येईल याचा त्याला सतत ध्यास असे.

इथून आपल्या प्रकरणाचा खरा विषय सुरू होतो. तो म्हणजे विल्कोचा चौथा अल्बम, 'यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट'.

शिकागोच्या वायव्य भागात बँडची स्वतःची जागा आहे. तिला ते लॉफ्ट म्हणतात. भाड्याच्या स्टुडिओत घड्याळाकडे बघत काम करावे लागते. इथे तसा धाक नव्हता. २००० च्या अखेरीपासून त्यांनी इथे नवी गाणी मुद्रित करायला घेतली. गाणे लिहून झाले की ते एका पद्धतीने वाजवायचे, मग मोडायचे, वेगळ्या तालात, वेगळ्या वाद्यांवर पुन्हा बांधायचे. 'कॅमेरा' या गाण्याचे उदाहरण घ्या. अल्बममध्ये ते मवाळ, ध्वनिक गिटारवर चालणारे, हलक्या पावलांचे गाणे आहे. पण त्याचे एक वेगळे रूप २००३ मध्ये श्रोत्यांना मिळाले. त्यात गिटारींचा आवाज इतका फाटका आहे की शब्द त्यातून वाट काढत येतात. चाल तीच, शब्द तेच. दोन्ही एकापाठोपाठ ऐकावीत. निर्मितीची प्रक्रिया याहून स्वच्छ कोणी समजावून सांगू शकणार नाही.

याच सुमारास दोन नवी माणसे ट्वीडीच्या आयुष्यात आली. जिम ओरूर्क हा शिकागोचा प्रयोगशील संगीतकार. त्याचा 'बॅड टायमिंग' हा वाद्यसंगीताचा अल्बम ट्वीडीला फार आवडला होता. २००० साली शिकागोतल्या एका महोत्सवात दोघे एकत्र वाजवायचे ठरले, तेव्हा ओरूर्कने ग्लेन कोची या ड्रमरला बरोबर आणले. कोचीला ठेका धरण्याइतकाच ठेका विस्कटण्यात रस होता. धातूच्या चकत्या, लहान घंटा, घासून वाजवायच्या वस्तू, जे हाताला लागेल त्यातून तो नाद काढी. ट्वीडीला हेच हवे होते. २००१ च्या सुरुवातीला विल्कोचा मूळ ड्रमर केन कूमर याला बाजूला करून कोचीला घेतले गेले. कूमरवर हा अन्याय होता का? माणूस म्हणून विचाराल तर होय, निरोप देण्याची पद्धत कठोरच होती. संगीत म्हणून विचाराल तर कोचीशिवाय हा अल्बम झालाच नसता.

पहिले गाणे 'आय ॲम ट्राइंग टु ब्रेक युवर हार्ट' जवळपास सात मिनिटांचे आहे. सुरुवातीला एक धूसर गुणगुण, मग घंटांसारखे काही आवाज, मग ड्रम. पण ड्रम गाण्याला पुढे ओढत नाहीत. ते अडखळतात, थांबतात, परत येतात, जणू वाजवणाऱ्याला कोणीतरी मधेच हाक मारते आहे. ध्वनिक गिटार मात्र शांतपणे तेच थोडे स्वरमेळ धरून राहते आणि ट्वीडी झोपेतून उठल्यासारख्या आवाजात गातो. शेवटाकडे सगळे सुटे होत जाते, गाण्याचे सांधे निखळतात. आता हेच गाणे ट्वीडी एकटा गिटार घेऊन गातो तेव्हा ऐका. पडझड नाही, घंटा नाहीत. उरते ते एक साधे, जुन्या वळणाचे, मन दुखावणाऱ्या माणसाचे कबुलीचे गाणे. कार्टर कुटुंबाच्या काळातही ते कोणी ओसरीवर बसून गाऊ शकले असते.

मला या अल्बमविषयी जे सांगायचे आहे ते हेच. त्याची ख्याती प्रयोगांसाठी आहे, पण त्याचे प्रयोग उभे राहतात ते आतल्या साध्या गाण्यावर. कंट्रीपासून ट्वीडीने वेश घेतला नाही, बांधा घेतला. थोडे स्वरमेळ, रोजची भाषा, एकट्या गळ्याला आणि एका वाद्याला पेलणारी चाल. बाहेरून मग रेडिओची खरखर आणा, इलेक्ट्रॉनिक ठेका आणा, व्हायोलिनचा ताफा आणा. आतला बांधा मोडत नाही.

गाणी जमली, तेव्हा अडचण उलटी झाली. थर फार झाले. आधुनिक ध्वनिमुद्रणात प्रत्येक वाद्य वेगळ्या पट्टीवर साठवलेले असते. एकाच गाण्यावर कित्येक पट्ट्या असू शकतात. त्यांतली कोणती कधी ऐकू येईल, किती मोठी, डावीकडून की उजवीकडून, हे ठरवण्याला मिक्सिंग म्हणतात. श्रोत्याला ते काम दिसत नाही, पण गाण्याचा स्वभाव तिथे ठरतो. बेनेटला स्वतः मिक्सिंग करायचे होते. ट्वीडीने एक गाणे ओरूर्कला देऊन पाहिले आणि निकाल ऐकल्यावर सगळा अल्बम त्याच्याकडे सोपवला. ओरूर्कने नवे फार काही घातले नाही. त्याने काढले. बेनेटने कष्टाने भरलेल्या कित्येक पट्ट्या त्याने बंद ठेवल्या, काही फक्त दोन-चार क्षणांसाठी उघडल्या. 'रेडिओ क्युअर'मध्ये तर कडव्यामागे इतकी कमी वाद्ये आहेत की गायकाचा श्वास ऐकू येतो, आणि त्यामुळेच मध्ये एकदा चाल उजळते तेव्हा पोटात खड्डा पडतो.

हे सगळे चालू असताना लॉफ्टमध्ये एक कॅमेरा फिरत होता. सॅम जोन्स या छायाचित्रकाराने बँडवर कृष्णधवल माहितीपट करायला घेतला होता. तो २००२ मध्ये पहिल्या गाण्याच्याच नावाने प्रदर्शित झाला. त्यातला एक प्रसंग विसरता येत नाही. एक गाणे संपून 'हेवी मेटल ड्रमर' हे पुढचे सुरू होते, त्या सांध्यावरून ट्वीडी आणि बेनेट यांच्यात वाद होतो. सांधा काही सेकंदांचा आहे. बेनेट आपला मुद्दा परत परत, वेगवेगळ्या शब्दांत समजावतो. आपले म्हणणे समोरच्याला कळले आहे, हे त्याला समोरच्याच्या तोंडून हवे आहे. ट्वीडीला ते द्यायचे नाही. अर्धशिशीचा त्रास त्याला लहानपणापासून होता. तो उठून आत जातो आणि त्याला उलटी होते. दोघांपैकी कोणीही आवाज चढवत नाही. अल्बम पूर्ण झाल्यावर, २००१ च्या ऑगस्टमध्ये, बेनेटला बँड सोडावा लागला.

बेनेटचे श्रेय मात्र कमी लेखू नये. यातल्या बहुतेक गाण्यांवर सहलेखक म्हणून त्याचे नाव आहे. ओरूर्कला काढण्यासाठी जे काही मिळाले, ते आधी बेनेटने भरले होते. कोरीव काम करणाऱ्याला आधी दगड लागतो, आणि हा दगड त्याने आणला. तो २००९ च्या मे महिन्यात, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, वेदनाशामक औषधाच्या अतिमात्रेने अपघाताने गेला.

अल्बमच्या नावाची कथा वेगळीच आहे. रात्री शॉर्टवेव्ह रेडिओची सुई फिरवली की कधी कधी अशी केंद्रे लागत, जिथे एक निर्विकार आवाज फक्त आकडे किंवा अक्षरे वाचत असे. केंद्राचे नाव नाही, देश नाही, गाणे नाही. हे प्रक्षेपण हेरांसाठी असते, असा सर्वसाधारण समज आहे. परदेशात काम करणाऱ्या माणसाकडे साधा रेडिओ आणि एकदाच वापरायच्या संकेतांची वही असली की पुरे. तो ऐकतो आहे हे कोणालाही शोधता येत नाही, आणि वही हाती नसेल तर संदेश उलगडत नाही. लंडनच्या इर्डियल कंपनीने १९९७ मध्ये अशा प्रक्षेपणांचा चार सीडींचा संच काढला, 'द कॉनेट प्रोजेक्ट'. त्यातल्या एका मुद्रणात एक बाई वाय, एच, एफ ही अक्षरे वैमानिकांच्या आणि सैन्याच्या पद्धतीने उच्चारते: यँकी, हॉटेल, फॉक्सट्रॉट. परत परत.

ट्वीडीला या संचाने झपाटले. अल्बममधल्या 'पुअर प्लेसेस' या दहाव्या गाण्यात चाल संपत येते, गोंगाट चढत जातो आणि त्यातून हा बाईचा आवाज वर येतो. ती काहीतरी सांगते आहे, आणि ते आपल्यासाठी नाही. या अकरा गाण्यांतली माणसे तरी वेगळे काय करतात? ती जवळच्या माणसाला काही सांगू पाहतात आणि मध्ये खरखर येते. विल्कोने हा आवाज परवानगीशिवाय वापरला होता. इर्डियलने दावा लावला आणि प्रकरण न्यायालयाबाहेर मिटले, विल्कोला पैसे मोजावे लागले.

२००१ च्या जूनमध्ये तयार अल्बम रीप्रीझ या कंपनीच्या हाती गेला. ही कंपनी फ्रँक सिनात्राने १९६० मध्ये कलावंतांना मोकळेपणाने काम करता यावे म्हणून काढली होती. पुढे ती वॉर्नरच्या समूहात गेली, आणि २००१ च्या जानेवारीत वॉर्नरचा मालक असलेला टाइम वॉर्नर आणि इंटरनेट सेवा देणारी एओएल यांचे विलीनीकरण झाले. पाठोपाठ कर्मचारीकपात आली. विल्कोच्या पाठीशी उभे राहणारे रीप्रीझचे अध्यक्ष हाउवी क्लाइन बाहेर पडले. मागे राहिलेल्या अधिकाऱ्यांना या अल्बममध्ये रेडिओवर वाजेल असे गाणे दिसेना. त्यांनी बदल सुचवले. बँडने नकार दिला. मग कंपनीनेच बँडला मोकळे केले आणि ही मुद्रिते घेऊन जाऊ दिली.

रेडिओवर वाजेल असे गाणे त्यात नव्हते, हा निर्णय मला आजही चकित करतो. 'जीझस, एटसेट्रा' ऐका. व्हायोलिनची गुंफण, सोल संगीताचा डुलता ठेका, मागे घसरत जाणारा स्टील गिटारचा स्वर आणि एकदा ऐकली की न सुटणारी चाल. कंट्री आणि सोल यांच्यात ठिगळ कुठे आहे ते शोधूनही सापडत नाही. 'आय'म द मॅन हू लव्ह्‌ज यू' फाटक्या, वेड्यावाकड्या गिटारने सुरू होते आणि काही वेळातच फुंकवाद्यांच्या साथीने डोलू लागते. 'हेवी मेटल ड्रमर'मध्ये यांत्रिक ठेक्यावर ट्वीडी सेंट लुईसच्या नदीकाठी उन्हाळ्यात ऐकलेल्या, दुसऱ्यांची गाणी वाजवणाऱ्या बँडची आठवण काढतो. यांतले कोणतेही गाणे लहान मुलालाही गुणगुणता येईल. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी बहुधा पहिल्या गाण्याची अडखळती सुरुवात ऐकून बाकीच्यांवर शिक्का मारला.

अल्बम आधी ११ सप्टेंबर २००१ रोजी यायचा होता. कंपनीच राहिली नसल्याने तो आला नाही. त्या दिवशी न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळले. या अल्बमच्या मुखपृष्ठावर शिकागोच्या मरीना सिटीचे दोन गोल मनोरे आहेत, मक्याच्या कणसांसारखे दिसणारे, बर्ट्रंड गोल्डबर्ग या वास्तुकाराचे. आत एका गाण्यात उंच इमारती हादरण्याचा उल्लेख आहे, दुसऱ्याच्या शीर्षकात अमेरिकन झेंड्यांची राख. सगळे कित्येक महिने आधी लिहिलेले. यात भविष्यवाणी वगैरे शोधणे मला पटत नाही. पण अस्वस्थ देशात राहणाऱ्या माणसाने कान उघडे ठेवून लिहिले, तर त्याची ओळ पुढच्या घटनेला जाऊन भिडू शकते, इतके मात्र मी मानतो.

इंटरनेटवर गाण्यांच्या खराब प्रती फिरू लागल्या होत्या. नॅप्स्टर ही फुकट देवाणघेवाणीची सेवा त्याच उन्हाळ्यात बंद पडली होती आणि साऱ्या कंपन्या श्रोत्यांकडे चोर म्हणून बघत होत्या. विल्कोने उलटे केले. १८ सप्टेंबर २००१ रोजी त्यांनी सगळा अल्बम आपल्या संकेतस्थळावर मोफत ऐकायला ठेवला. दूरध्वनीच्या तारेवरून रांगत येणारे इंटरनेट, तुटक आवाज, तरी लोक ऐकत राहिले. त्या शरद ऋतूत बँड दौऱ्यावर निघाला तेव्हा, दुकानात कुठेही न मिळणाऱ्या गाण्यांचे शब्द श्रोते त्यांच्याबरोबर म्हणत होते. आज कोणताही नवा कलावंत गाणे आधी मोफत ऐकवतो आणि मग तिकिटे विकतो. तेव्हा हे करायला छाती लागत होती.

अनेक कंपन्या पुढे आल्या. बँडने नॉनसच निवडली. स्टीव्ह राइखसारख्या आधुनिक संगीतकारांचे काम छापणारी ही छोटी, चोखंदळ कंपनी होती आणि तीही त्याच एओएल टाइम वॉर्नरच्या छत्राखाली. म्हणजे एकाच मालकाने या अकरा गाण्यांचे पैसे दोनदा मोजले. २३ एप्रिल २००२ रोजी अल्बम अमेरिकेत दुकानांत आला. बिलबोर्डच्या यादीत थेट तेराव्या क्रमांकावर, पहिल्या आठवड्यात ५५,००० हून अधिक प्रती. विल्कोचा तोवरचा कोणताही अल्बम इतक्या वर गेला नव्हता. 'व्हिलेज व्हॉइस' साप्ताहिक दरवर्षी देशभरच्या समीक्षकांचा कौल घेत असे, त्यात २००२ चा सर्वोत्तम अल्बम हाच ठरला. पुढे विक्री पाच लाखांच्या पलीकडे गेली. फुकट ऐकलेल्या कित्येकांनी तो विकतही घेतला असणार.

पुढच्या अल्बमने, 'अ घोस्ट इज बॉर्न'ने, विल्कोला ग्रॅमी मिळवून दिले. त्या सुमारास ट्वीडी वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनातून बाहेर पडण्यासाठी उपचार घेत होता. २००४ पासून बँडमधली सहा माणसे बदललेली नाहीत, आणि नेल्स क्लाइनसारखा जॅझमधून आलेला गिटारवादक त्यांत आहे. ऑल्ट-कंट्री हे लेबल लागले की ट्वीडी बरीच वर्षे अंग चोरत असे.

म्हणूनच २०२२ चा 'क्रुएल कंट्री' ऐकताना नवल वाटते. २१ गाणी, दोन तबकड्या, आणि नावात सरळ कंट्री. महासाथीच्या काळात दूरदूर अडकून पडलेले सहा जण लॉफ्टमध्ये परत जमले, गोल करून बसले आणि बहुतेक गाणी एकत्र, एका दमात वाजवून मुद्रित केली. 'यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट'च्या पट्ट्यांवर पट्ट्या चढवण्याच्या पद्धतीपासून ही अगदी दुसऱ्या टोकाची पद्धत. एकाने चूक केली तर सगळ्यांच्या माइकमध्ये ती जाते, त्यामुळे प्रत्येक जण दुसऱ्याचे ऐकत हात आखडता घेतो. नेल्स क्लाइन इथे स्टील गिटारवर इतका संयम ठेवतो की एखाद्या कडव्याला दोनच स्वर देतो. गाण्यांत अमेरिका आहे. ती सुंदर आहे, निर्दय आहे, आणि सोडून जाता येत नाही. ट्वीडीने या वेळी कंट्री हे नाव आपणहून लावून घेतले, कारण आता ते त्याला अडवत नव्हते.

त्याच वर्षी 'यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट'ची वीस वर्षांची आवृत्ती आठ सीडींच्या पेटीत आली. त्यात ८२ अप्रकाशित मुद्रणे होती: टाकून दिलेली रूपे, अर्धवट प्रयत्न, मैफली. २०२३ मध्ये ऐतिहासिक ध्वनिमुद्रणासाठीचे ग्रॅमी या पेटीला मिळाले. ज्यांना वेळ आहे त्यांनी अल्बमपासून सुरुवात करावी आणि मग पेटीत एकेका गाण्याचा माग काढत मागे जावे. बेनेटचा पियानो, त्याच्या कीबोर्डची आतषबाजी, ओरूर्कने बंद ठेवलेल्या कितीतरी जागा तिथे पूर्ण आवाजात ऐकायला मिळतात. काही ठिकाणी मला बेनेटचे रूप अधिक आवडले, हेही नोंदवतो.

आणि विल्को पुन्हा पुढे सरकला. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या 'कझिन'साठी त्यांनी वेल्सच्या केट ल बाँ या संगीतकार बाईंना निर्माती म्हणून बोलावले. बऱ्याच वर्षांनी बँडने बाहेरच्या माणसाच्या हाती सूत्रे दिली. गाणी परत सुटी झाली, ठेका परत वाकडा चालू लागला, गिटारींवर थंड, काचेसारखी चकाकी आली. आणि त्या सगळ्याच्या आत ट्वीडी अजून थोड्याच स्वरमेळांत, रोजच्या भाषेत, गिटार घेऊन एकट्याने म्हणता येतील अशीच गाणी लिहितो आहे.